कटसीन नको, सरळ खेळायचंय? मग जुने साधे गेम असे सुरू करा

नवीन गेम घेतला, डाउनलोड होईपर्यंत मूड गेला, मग अपडेट, मग अकाउंट बनवा, मग चार कंपन्यांचे लोगो, मग कुणाच्या तरी वडिलांचा मृत्यू, आणि मग एका म्हाताऱ्याच्या मागे मागे हळूहळू चालायचं कारण तो बोलतोय आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पळायचं बटण चालतच नाही. पाऊण तास झाला तरी आपण एकदाही हरलेलो नाही, कारण हरण्यासारखं काही घडलंच नाही. ज्यांना हे आवडतं त्यांना आवडो, गोष्टीवाल्या गेममधले काही खरंच भारी आहेत, त्यावर माझा वाद नाही. पण ज्यांच्या हातात वीस मिनिटं आहेत आणि त्या वीस मिनिटांत फक्त खेळायचंय, आणि जुने गेम कधी नीट खेळलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक मोजमाप आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळीकडे तेच वापरणारे. मेल्यापासून परत खेळायला लागेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. चांगल्या साध्या गेममध्ये हे काही सेकंदात होतं, बटण दाबलं की नवीन डाव. मजा सगळी त्या परत परत खेळण्यात असते, त्यामुळे मध्ये जे काही येतं, मग तो कटसीन (म्हणजे खेळ थांबवून दाखवलेला गोष्टीचा तुकडा) असो, जाहिरात असो नाहीतर टीव्हीचा लॅग (बटण दाबल्यावर उशिरा हलणं), ते शोधून काढून टाकायचं. बाकीची पायरी-पायरी म्हणजे हेच.

पायरी १: जुना म्हणजे साधा नाही, हे आधी डोक्यात बसवा

नवीन माणूस हमखास इथे फसतो. जुना गेम म्हणून काहीतरी उघडतो आणि समोर येतो १९८७ चा फायनल फँटसी, ज्यात मेनू, हत्यारं, गावातल्या प्रत्येकाशी गप्पा, आणि पुढे कुठे जायचं ते त्या गप्पांतूनच काढायचं. ग्राफिक्स जुने असले तरी तो गेम अजिबात हलका नाही. उलट २०१२ चा सुपर हेक्सागॉन घ्या, त्यात फक्त डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन बटणं, भिंतीला लागलात की मेलात, आणि मेल्याचं कळेपर्यंत पुढचा डाव सुरू. २०१५ चा डाउनवेलही तसाच, विहिरीत खाली पडत जायचं, डावं, उजवं आणि उडी, हवेत असताना तेच उडीचं बटण गोळी मारतं, विषय संपला. वय नवं पण वळण जुनं.

म्हणून सालावर जाऊ नका. गेमचा नियम एका वाक्यात सांगता येतो का, ते बघा. १९७२ च्या पाँगच्या मशीनवर सूचना लिहिलेली असायची, तिचा मतलब एवढाच की चेंडू चुकवू नका म्हणजे स्कोअर वाढेल. बास. स्पेस इन्व्हेडर्स, खाली येणारे परग्रहवाले जमिनीवर पोचायच्या आत मारा. पॅकमॅन, सगळे ठिपके खा आणि भुतांना चुकवा. टेट्रिस, ओळी भरा. एका वाक्यात बसत नसेल तर तो गेम वाईट आहे असं नाही, पण सुरुवातीला नको.

आणि जुन्या गेमना गोष्ट नव्हतीच असंही काही नाही हां. असायची, पण बऱ्याचदा ती सोबतच्या छापील पुस्तिकेत असायची, वाचायची तर वाचा. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये माकड बाईला घेऊन शिडीवरून वर चढतं, वर जाऊन उड्या मारतं, मजले वाकडे होतात, झाली गोष्ट, आता चढा. पॅकमॅनमध्ये तर दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या लेव्हलनंतर छोटीशी गंमत दाखवतात, भूत मागे लागतं आणि मग पॅकमॅन मोठा होऊन उलटा त्याच्या मागे लागतो. तेवढ्यात बोटं मोकळी करून घ्यायची. कटसीन असावा तर एवढा.

पायरी २: एकच गेम निवडा, खरंच एकच

हजार गेमचा फोल्डर मिळवणं सोपं आहे आणि तोच मोठा घोटाळा आहे. प्रत्येक गेम दोन मिनिटं बघायचा, हं, जुना आहे, पुढचा. अशाने सगळे गेम सारखेच कंटाळवाणे वाटतात कारण पहिल्या दोन मिनिटांत त्यांच्यात काही दिसतच नाही. एक धरा आणि निदान दोन आठवडे तोच खेळा.

कुठला धरायचा ते स्वभावावर आहे. शांतपणे बसून डोकं लावायला आवडत असेल तर टेट्रिस, नाहीतर माइनस्वीपर, त्याचा छोटा डाव ९ बाय ९ चा आणि १० सुरुंगांचा असतो तिथून सुरू करा, एक्स्पर्टच्या ९९ सुरुंगांकडे आत्ता बघूही नका. हात सळसळत असतील तर १९८१ चा गॅलागा. पळणं-उड्या मारणं आवडत असेल तर १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स. आणि काहीच ठरत नसेल तर १९८० चा पॅकमॅन, डोळे झाकून.

काय टाळायचं तेही सांगतो. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स (१९८५) दिसायला मस्त आहे पण शेवटपर्यंत पोचलात की तो म्हणतो सगळं पुन्हा पहिल्यापासून खेळा, तेव्हाच खरा शेवट. बॅटलटोड्स (१९९१) च्या तिसऱ्या लेव्हलला, जिथे गाडीवरून भिंती चुकवायच्या असतात, तिथे लोकांनी कंट्रोलर आपटलेत. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया सुंदर आहे, माझा आवडता आहे, पण त्यात अख्खा गेम ६० मिनिटांत संपवायचा असतो आणि घड्याळ चालूच राहतं, नवख्याचा जीव जातो. आणि पाँग एकट्याने खेळू नका, तो दोघांचा गेम आहे, एकट्याने खेळून लोक म्हणतात जुने गेम बोअर असतात.

पायरी ३: गेम आणायचा कुठून

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अधिकृत संग्रह. अटारीचा अटारी ५० हा २०२२ मध्ये आलेला संग्रह आहे, त्यात जुन्या गेमबरोबर त्यांचा इतिहासही दिलाय आणि तो इतिहास तुम्हाला हवा तेव्हा वाचता येतो, कुणी खुर्चीला बांधून दाखवत नाही. नामको कंपनीचे जुने गेम त्यांच्या म्युझियम नावाच्या संग्रहांत मिळतात, हॅमस्टर नावाची कंपनी आर्केड आर्काइव्हज या नावाने एकेक जुना आर्केड गेम (म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा) सुटा विकते, निन्टेन्डोचे जुने गेम त्यांच्या स्विच या मशीनच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनमध्ये येतात.

दुसरा मार्ग इम्युलेटर. म्हणजे असं सॉफ्टवेअर जे जुन्या मशीनसारखं वागतं. आर्केडसाठी मेम (हे १९९७ पासून चालू आहे), घरगुती कन्सोलसाठी (म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन) रेट्रोआर्क किंवा मेसेन, जुन्या डॉस गेमसाठी डॉसबॉक्स. इम्युलेटर फुकट आणि उघड मिळतात. भानगड असते ती गेमच्या फाइलची, जिला रॉम म्हणतात, कारण गेम जुना झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपलेला नसतो. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते बघून ठरवा, मी इथे वकिली करत नाही.

पण एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुने गेम आकाराने अतिशय लहान असतात. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स, ३२ लेव्हल, गाणी, चित्रं सगळं धरून ४० केबी आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेव्हा कुठल्या साइटवर मारिओच्या नावाने ८० एमबीची इन्स्टॉल करायची फाइल मिळत असेल तर तिच्यात मारिओपेक्षा दुसरंच कायतरी जास्त आहे, बंद करा ती खिडकी.

मोबाइलच्या स्टोअरवर जुन्या नावांच्या जवळपास जाणारे ढिगाने गेम असतात, त्यातले बरेचसे नक्कल. त्यांना आपलं मोजमाप लावा: मेलात, आता परत खेळायला किती वेळ? मध्ये तीस सेकंदांची जाहिरात येत असेल तर तो गेम काढून टाका, रंग कितीही गोड असू देत.

तिसरा मार्ग कमी लोकांना माहितीय, पिको-८. हे कधी अस्तित्वातच नसलेलं जुनं मशीन आहे, म्हणजे कुणीतरी ठरवलं की समजा असं एक कन्सोल असतं, स्क्रीन १२८ बाय १२८, रंग फक्त १६, आणि मग जगभरच्या लोकांनी त्यासाठी गेम बनवले. पुष्कळसे ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात, लिंक उघडली की सुरू. दर्जा वर-खाली आहे पण चाळायला मजा येते. (चाळायचं ते पहिले दोन आठवडे झाल्यावर, वर सांगितलंय.)

पायरी ४: सेटअप, इथे आळस करू नका

लोक म्हणतात मला जमत नाही, माझे हात स्लो आहेत. बऱ्याचदा हात ठीक असतात, टीव्ही स्लो असतो. आजचे टीव्ही चित्र छान दिसावं म्हणून प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो, तुम्ही उडीचं बटण दाबता आणि मारिओ जरा उशिरा उडतो, तेवढ्यात खड्ड्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा. रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड नावाची सेटिंग आहे ती लॅग आणखी कमी करते, पण ती नंतर. कॉम्प्युटरचा मॉनिटर वापरलात तर हा त्रास बहुतेक वेळा जाणवतच नाही.

मग कंट्रोलर. टचस्क्रीनवर खेळू नका, निदान शिकताना तरी. अंगठ्याला बटण कुठे संपलं ते कळत नाही. कीबोर्ड चालेल, पॅकमॅनसाठी तर चार बाणांची बटणं झकासच आहेत. कंट्रोलर असेल तर काडीसारखी गोल फिरणारी अॅनालॉग स्टिक सोडा आणि अधिक चिन्हासारखा डी-पॅड वापरा. कारण असं की पॅकमॅनच्या मूळ मशीनला फक्त चार दिशांची काठी होती, तिरकं जाणं हा प्रकारच त्यात नाही, आणि स्टिकवर आपण नकळत तिरकं दाबतो, मग वळण चुकतं आणि आपण म्हणतो गेम फालतू आहे.

स्क्रीनचा आकार ४:३ ठेवा. पूर्ण टीव्ही भरावा म्हणून ताणलं की पॅकमॅन अंडाकृती होतो आणि उडीचा अंदाजही बिघडतो. आर्केडचे बरेच गेम, पॅकमॅन, गॅलागा, स्पेस इन्व्हेडर्स, उभ्या स्क्रीनचे आहेत, त्यात दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येणारच, येऊ द्या. पिक्सेल धूसर करणारे फिल्टर बंद करा. जुन्या टीव्हीसारख्या बारीक रेषा दाखवणारे फिल्टर असतात ते मला आवडतात, त्या काळची चित्रं त्या काचेच्या टीव्हीवर बघूनच काढलेली होती, पण ही चव ज्याची त्याची.

आणखी एक बारकी गोष्ट, रॉमची युरोपातली आवृत्ती घेऊ नका. तिकडचे टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र बदलायचे, जपान-अमेरिकेतले ६० वेळा, त्यामुळे निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचे बरेच गेम युरोपात सुमारे १७ टक्के हळू चालतात, गाणीसुद्धा पेंगुळलेली वाटतात. आणि स्क्रीनवर एका ओळीत खूप शत्रू आले की काही लुकलुकतात, तो तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही, त्या कन्सोलला एका आडव्या रेषेत आठच तुकडे दाखवता यायचे.

पायरी ५: पहिला दिवस जिंकायचा नसतो

सुरू करायच्या आधी काही न दाबता थोडं थांबा. आर्केड गेम स्वतःच खेळून दाखवतो, कारण मशीनला लोकांना बोलवायचं असायचं. तेवढं बघितलं तरी अर्धा नियम कळतो. मग सुरू करा आणि मुद्दाम मरा. भुताला जाऊन धडका, खड्ड्यात उडी टाका, बघा काय होतं, किती लाइफ जातात, परत कुठून सुरू होतं. मरणं इतकं स्वस्त आहे हे एकदा हाताला कळलं की पुढे घाबरत खेळणं बंद होतं.

सुपर मारिओची पहिली लेव्हल नीट बघा, एकही सूचना नाही पण सगळं शिकवते. सुरुवातीला डावीकडे जागा नाही, म्हणजे उजवीकडे जायचं. पहिला शत्रू चालत येतो, काही केलं नाही तर मरता, म्हणजे उडी मारायची. वर प्रश्नचिन्हाचा डबा चमकतोय, डोकं आपटलं की नाणं. दुसऱ्या डब्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळत जातो आणि पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येतो, म्हणजे घाबरून पळालात तरी बहुतेक तो तुम्हाला लागतोच आणि तुम्ही मोठे होता. आजच्या गेममध्ये याच्यासाठी चार पॉपअप आणि एक बोलणारी परी लागली असती. फक्त एक गोष्ट लेव्हल सांगत नाही ती मी सांगतो, बी बटण दाबून धरलं की मारिओ पळतो आणि पळत मारलेली उडी लांब जाते. ते बटण दाबूनच ठेवायची सवय लावा.

पायरी ६: आता आत शिरा, पॅकमॅनचं उदाहरण

साधा गेम पोकळ नसतो ते इथे कळतं, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळतो. पॅकमॅनची चार भुतं पहिल्यांदा बघताना सारखीच वाटतात, सगळी अंगावर येतायत. पण हा गेम बनवणाऱ्या तोरू इवातानी यांनी चौघांना चार स्वभाव दिलेत. लाल भूत सरळ तुमच्यामागे येतं. गुलाबी भूत तुम्ही जिथे आहात तिथे येत नाही, तुमचं तोंड जिकडे आहे त्याच्या चार घरं पुढे जायला बघतं, म्हणजे वाट अडवतं. निळसर भूत लाल कुठे आहे आणि तुम्ही कुठे आहात दोन्ही धरून हिशोब करतं, त्यामुळे त्याचा भरवसा नाही. आणि केशरी भूत लांबून अंगावर येतं पण जवळ, आठेक घरांच्या आत आलं की घाबरल्यासारखं खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पळतं. पहिल्या दिवशी चारही लक्षात ठेवायची गरज नाही, लाल आणि गुलाबी ओळखा, खेळ बदलतो.

पुढची गंमत, भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलमध्ये सात सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग वीस सेकंद पाठलाग, परत सात सेकंद कोपरा, असं चालतं आणि काही फेऱ्यांनंतर मात्र कायमचा पाठलाग. हे बदलताना भुतं जागच्या जागी उलटी फिरतात. एरवी भूत कधी मागे वळत नाही (पॉवरची मोठी गोळी खाल्ली तेव्हा सोडून), म्हणून अचानक सगळी उलटी फिरली की समजायचं आत्ता पारडं बदललं.

हाताशी ठेवायच्या युक्त्या: कोपरा यायच्या आधीच पुढच्या दिशेचं बटण दाबून ठेवा, पॅकमॅन वळण जरा कापून घेतो आणि भुतांना ते जमत नाही, त्यामुळे वळणावळणाच्या वाटेने पळालात तर मागचं भूत मागेच पडतं. दोन्ही बाजूच्या बोगद्यांत भुतं खूप हळू होतात, तुम्ही होत नाही. ठिपके खाताना तुम्ही किंचित हळू होता, म्हणजे जीव वाचवायचा असेल तर रिकाम्या वाटेने पळा. आणि लेव्हलमध्ये ठिपके थोडे उरले की लाल भूत वेगवान होतं, तेव्हा शेवटचे ठिपके लांबलांब विखुरलेले ठेवू नका. मोठी गोळी खाल्ल्यावर भुतं थोडा वेळ निळी होतात आणि तुम्ही त्यांना खाऊ शकता, एकामागून एक खाल्लीत की २००, ४००, ८००, १६०० असे गुण मिळतात, दरवेळी दुप्पट, म्हणून भुतं जवळ गोळा होईपर्यंत गोळीजवळ घुटमळायचं आणि मग खायची. त्यातली जोखीम तुम्हीच ठरवायची, तोच सगळा खेळ आहे. पुढच्या लेव्हलमध्ये गोळीचा असर कमी कमी होत जातो आणि शेवटी भुतं निळी होतच नाहीत.

असंच प्रत्येक गेमच्या पोटात काहीतरी आहे. स्पेस इन्व्हेडर्समध्ये ५५ परग्रहवाले असतात आणि ते जसे कमी होतात तसे उरलेले जोरात पळतात. १९७८ ला तोमोहिरो निशिकादो यांनी हा गेम बनवला तेव्हा मशीनला इतके सगळे हलवताना दम लागायचा, थोडे उरले की मशीन मोकळं होऊन पटपट हलवायचं, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. गॅलागामध्ये वरचा मोठा किडा किरण टाकून तुमचं विमान पळवतो, तर ते पळवू द्यायचं (शेवटची लाइफ असेल तर अजिबात नाही!), मग तोच किडा खाली झेपावताना मारायचा की विमान परत मिळतं आणि दोन विमानं जोडून दुप्पट गोळ्या.

टेट्रिसला एवढंच: वरचा भाग शक्य तेवढा सपाट ठेवा, भोकं झाकू नका, आणि एका कडेचा एक रकाना रिकामा ठेवून त्यात उभी लांब दांडी टाका. निन्टेन्डोच्या १९८९ च्या टेट्रिसमध्ये पहिल्या लेव्हलला एका ओळीचे ४० गुण आणि एकदम चार ओळींचे १२००, यावरून समजा वाट का बघायची. नवख्यांनी मात्र अलीकडची आवृत्ती घ्या, त्यात तुकडा कुठे पडेल त्याची सावली दिसते, एक तुकडा बाजूला ठेवता येतो आणि सातही तुकडे फिरून येतात, जुन्यात दांडीची वाट बघून बघून माणूस म्हातारा होतो.

पायरी ७: सेव्ह स्टेट आणि चीट

इम्युलेटरमध्ये कुठल्याही क्षणी सेव्ह करता येतं, रिवाइंडही करता येतं. यावर लोक भांडतात. माझं मत असं, सरावाला वापरा, पुढे सरकायला वापरू नका. मारिओची एखादी उडी जमतच नाहीये तर तिच्या आधी सेव्ह करा आणि तीच परत परत मारा, जमली की सेव्ह विसरून पहिल्यापासून खेळा. पण दर दहा पावलांवर सेव्ह करत गेलात तर गेम अर्ध्या तासात संपेल आणि तुम्हाला त्यातलं काही येत नसेल.

कोनामी कोडबद्दल मात्र अपराधी वाटून घेऊ नका. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे काँट्रा या गेमच्या सुरुवातीला दाबलं की ३० लाइफ मिळतात. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रॅडियस या गेमसाठी (१९८६) घातला, कारण तपासताना तो गेम त्यांनाच झेपत नव्हता. बनवणाऱ्याला लागला तर तुम्हाला लागला म्हणून काय बिघडलं.

आणि हो, काही जुने गेम खरंच अन्यायी आहेत. आर्केड मशीन नाण्यावर चालायचं, तुम्ही लवकर मेलात की दुसरं नाणं, म्हणून मुद्दाम अवघड बनवलेले असायचे. आपण कशाने मेलो ते दिसतंय का, हे स्वतःला विचारा. दिसत असेल तर गेम अवघड आहे, शिका. दिसतच नसेल, मागून कुठूनतरी येऊन मारून जातंय आणि आधी कळायला काही वावच नाही, तर गेम वाईट आहे, जुना असला म्हणून त्याची पूजा करायची गरज नाही. सोडा, दुसरा घ्या.

पायरी ८: स्कोअर लिहून ठेवा आणि कधी थांबायचं ते ठरवा

गोष्ट नाही म्हटल्यावर पुढे खेचणारं काय, तर कालचा आपला स्कोअर. आर्केडच्या बऱ्याच जुन्या मशीनवर लाइट गेली की स्कोअर पुसला जायचा, इम्युलेटरमध्येही कधी कधी राहत नाही, म्हणून वहीत नाहीतर फोनमध्ये लिहा, तारीख आणि शेजारी एक ओळ, कशाने मेलो. 'बोगद्यातून बाहेर पडताना गुलाबी' असं तीन-चार दिवस लागोपाठ लिहिलेलं दिसलं की काय शिकायचंय ते आपोआप कळतं. जगातल्या मोठमोठ्या स्कोअरचे व्हिडिओ पहिल्या आठवड्यात बघू नका, उगाच खच्ची व्हायला होतं. नंतर जरूर बघा. निन्टेन्डोच्या टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलच्या पुढे माणसाला जाताच येणार नाही असं वर्षानुवर्षं मानत होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या लेव्हलला तो गेमच हँग करून दाखवला.

थांबण्याचं मात्र आधी ठरवा, कारण आपलं ते काही सेकंदांचं मोजमाप इथे उलटतं. परत सुरू करणं इतकं सोपं की 'शेवटचा एक' म्हणत रात्रीचे दोन वाजतात. गजर लावा, वीस मिनिटं. आणि लागोपाठ तीन डाव आधीपेक्षा वाईट गेले तर गजराची वाट न बघता उठा, अंगठा दुखत असेल तर आधीच उठा.

पायरी ९: कुणालातरी शेजारी बसवा

हे ऐच्छिक आहे पण करून बघा. जुने गेम आलटून पालटून खेळायला मस्त असतात, एक मेला की कंट्रोलर दुसऱ्याकडे, आणि बघणाऱ्याला आधी काय घडलं ते समजावून सांगावं लागत नाही. लहान मुलांना, आईवडिलांना, कुणालाही एका मिनिटात सामील करून घेता येतं. दोघांनी एकत्र खेळायचा असेल तर १९८६ चा बबल बॉबल घ्या, फुगे सोडणारे दोन छोटे ड्रॅगन आहेत, आणि एकट्याने शेवटपर्यंत गेलात तर गेम सांगतो की मित्राला घेऊन या, खरा शेवट दोघं मिळून पोचलात तरच दिसतो.

दोन आठवडे झाले की दुसरा गेम घ्या, आणि तो पहिल्याच्या उलट स्वभावाचा घ्या. पॅकमॅन झाला असेल तर गॅलागा, टेट्रिस झाला असेल तर मारिओ. पहिला काढून मात्र टाकू नका, आठवड्यातून एकदा त्याचे दोन-तीन डाव खेळा आणि स्कोअर त्याच वहीत लिहा, नाहीतर हात विसरतात आणि ते गुलाबी भूत परत बोगद्याच्या तोंडाशी गाठतं.